रंग गिळणारी नळी

मी एक जुनी मातीची नळी आहे. लांबी हातभर, जाडी मक्याच्या कणसाएवढी आणि एका टोकाचा टवका उडालेला. सरजाबाईंच्या घरात चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी मी पडून असते. घरी नवा पाहुणा आला आणि चूल धुमसायला लागली, की तो मला फुंकणी समजून उचलतो. मग सरजाबाई हातातलं काम टाकून धावतात, मला त्याच्या हातून काढून घेतात आणि एवढंच म्हणतात, "तिला तोंड लावू नगा." पाहुणा ओशाळतो. मला मात्र राग येत नाही. मित्रांनो, त्या बरोबरच बोलतात. माझ्या अंगात काय मुरलंय ते त्यांनी स्वतःच्या जिभेने तपासलं आहे.

माझा जन्म बोरीच्या आश्रुबा कुंभाराच्या अंगणात झाला. साल सत्त्याऐंशी, दिवाळी नुकतीच उलटली होती. आश्रुबा माठ, रांजण, पणत्या घडवणारा माणूस. सरजाबाईंच्या नवऱ्याने, सितारामने, नळ्या करून मागितल्या तेव्हा तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. त्यातून नळ्या अशा हव्या होत्या, की त्यात पाणी राहायलाच नको, अंगातून पाझरून बाहेर यावं. आश्रुबाची बायको मालनबाई हसून म्हणाली, की आमचा गळका माठ गिऱ्हाईक तोंडावर आणून मारतं आणि ह्या दादाला मुद्दाम गळकंच पाहिजे.

तरी आश्रुबाने मन लावून काम केलं. तळ्याची माती भिजवली. गाढवाची वाळलेली लीद कुटून फडक्याने गाळली, लाकडाचा भुसाही तसाच गाळला आणि दोन्ही मातीत तुडवलं. बाभळीच्या गुळगुळीत काठीभोवती आम्हाला थापून वळलं. भाजायला आव्यात घातल्यावर ती लीद आणि तो भुसा जळून गेला आणि त्यांच्या जागी डोळ्यांना न दिसणारी भोकं राहिली. माझी सगळी करामत त्या जळून गेलेल्याच्या रिकाम्या जागांची आहे. चाळीसजणी आव्यात गेलो होतो. एकवीस शाबूत निघालो.

नंतर मला कातडं मिळालं. सिताराम तालुक्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर होता. तिथल्या एका प्राध्यापकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकललं तर रंग मागे राहतो. त्यांनी कापसापासून केलेली एक पांढरी पूड आणली, उग्र वासाच्या औषधात विरघळवली आणि सितारामने ती आमच्या पोटातून फिरवून, ओघळू देऊन, आम्हाला गार पाण्यात बुडवलं. दुधावर साय धरावी तसं माझ्या आतल्या अंगाला काहीतरी धरलं. पातळ, घट्ट, जिवंत असल्यासारखं. प्राध्यापक तेव्हा म्हणाले, "हा पडदा रंग अडवील, एवढंच मी सांगतो. पाण्यात आणखी काय काय आहे ते तपासायला लागेल." दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. त्यांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग सितारामजवळ राहिला आणि दुसरा अर्धा त्यांच्या ट्रंकेबरोबर एसटीच्या टपावर बसून निघून गेला.

आता ही खटपट कशासाठी, तेही सांगते. सितारामची वस्ती जिंतूरच्या रस्त्याला, ओढ्याच्या उताराला आहे. सगळी घरं बौद्धांची. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या दिवसांत सितारामची आई बायनाबाई गावच्या विहिरीवर गेली होती. तिने तांब्या ओठाला लावला होता. तेवढ्यात कुणीतरी मागून येऊन तो हिसकून घेतला, पाणी ओतून दिलं आणि रिकामा तांब्या तिच्या पायाशी टाकला. तो एक शब्दही बोलला नाही.  बायनाबाई घरी आली, कुदळ घेतली आणि ओढ्याच्या काठी मातीची पहिली पाटी तिने एकटीने काढली. मग सगळी वस्ती आली. दोन उन्हाळे त्या लोकांनी काळा दगड फोडला आणि चाळीस हातांवर गोड पाणी लागलं. त्या वस्तीत तेव्हापासून रीत पडली. विहीर उपसून नवं पाणी आलं, की पहिला पेला जिने पहिली पाटी उचलली तिला द्यायचा, मग बाकीच्यांनी प्यायचं.

चार वर्षं असं चाललं. चौऱ्याऐंशीला ओढ्याच्या वरच्या अंगाला माणिकरावांनी चामडं कमावण्याचा कारखाना काढला. माणिकराव गावचे मोठे जमीनदार, बोलायला गोड. कारखान्यात मीठ लावलेल्या कातड्यांच्या थप्प्या यायच्या. ती कातडी धुवायची, चुन्यात घालायची, कमवायची आणि शेवटी मोठ्या लाकडी पिंपांत रंगवायची. तांबडी, तपकिरी, काळी. ते सगळं पाणी ओढ्यात. वर्षाच्या आत वस्तीच्या विहिरीचं पाणी लाल झालं.

नुसतं लाल नव्हे. बाया सांगत, की काठावरून वाकून बघितलं तर आपलंच तोंड सोलून ठेवल्यासारखं दिसायचं. धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर फिकट डाग उमटायचे. लोकांनी विहिरीकडे पाठ फिरवली. सरजाबाई कोसभर लांबच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणू लागल्या. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. तीन वर्षं. बायनाबाई ते पाणी प्यायची, पण दर वेळी म्हणायची, की मरायच्या आधी आपल्या हिरीचं पाणी एकदा घशाखाली गेलं पाहिजे. सितारामच्या मनात ते खिळ्यासारखं रुतलं होतं.

वस्तीने तक्रारीचा अर्ज केला होता. म्हणून माणिकराव नळ्यांना लगेच तयार झाले. शेतातलं जुनं तेलाचं इंजिन दिलं, कारखान्याच्या आवारात पत्र्याची शेड दिली आणि इंजिन चालवायला भुजंग नावाचा गडी दिला. आम्हा एकवीसजणींना लोखंडी पाइपांत बसवलं आणि इंजिनाने आमच्या पोटात रंगाचं पाणी दाबायला सुरुवात केली.

मित्रांनो, तो पहिला दिवस मी विसरणार नाही. काळोखात उभं राहावं आणि गर्दीने अंगावर यावं, तसा तांबडा रंग माझ्या कातड्यावर येऊन आदळला. मी त्याला अडवलं. पाणी मात्र सुटलं, माझ्या अंगातून घामासारखं बाहेर आलं आणि थेंबाथेंबाने खालच्या टाकीत पडलं; ओढ्यात आता हेच पाणी सुटणार होतं. सितारामने ओंजळीत धरलं तर त्याच्या हाताच्या रेषा दिसत होत्या.  त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

रंगाचा दाट गाळ आम्ही मागे ठेवायचो, तो सिमेंटच्या हौदात वाळवायचे. पण सगळाच रंग तिकडे जात नसे. थोडा थोडा माझ्या अंगात मुरत गेला. तांबडा, तपकिरी, काळा. त्याच्याबरोबर त्या कातड्यांचं काहीतरी आत आलं असावं, कारण आठवड्याभरात तो आवाज सुरू झाला.

भर दुपारी बाराला भुजंग इंजिन बंद करून भाकरी खायला बसायचा. इंजिनाची धडधड थांबली, की शेडमध्ये कान गच्च होतील अशी शांतता पडायची. आणि मग पाइपांतून आवाज यायचा. लप, लप, लप. हौदावर जनावर पाणी पितं ना, अगदी तसा. कधी एक, कधी खिल्लारच्या खिल्लार. भुजंगने पहिल्या दिवशी हौदाकडे जाऊन पाहिलं, तिथे चिटपाखरूही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने भाकरी बाहेर नेली. तिसऱ्या दिवशी दाराला लिंबू-मिरची बांधली आणि सितारामला म्हणाला, "दादा, आत कायतरी पाणी प्यायलागलंय. मह्या कानानं ऐकलं."

सितारामने त्याला समजावलं, की दाब उतरला की पाणी नळीच्या भोकांतून मागे शोषलं जातं, त्याचा तो आवाज. खरंही असेल. पण मी आतच होते ना. मला एवढं सांगता येईल, की तो आवाज यायचा तेव्हा माझ्या कातड्याला खरखरीत ओली जीभ लागल्यासारखं व्हायचं. ती काहीतरी शोधत असायची. काय शोधते ते मला चार महिन्यांनी कळलं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती आवाजाहून वाईट. पाण्याबरोबर माझ्या अंगातून दुसरं कुणीतरी पार जात होतं. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. रंग येऊन धडकायचा तरी, हे धडकायचंही नाही. मी नाहीच अशा बेताने ते आरपार निघून जायचं आणि स्वच्छ पाण्याच्या टाकीत जाऊन बसायचं. मी अडवायला पाहिलं. पण माझी भोकं त्याच्या दृष्टीने गावच्या वेशीएवढी होती. बाहेर लोक काचेसारखं पाणी पाहून माना डोलवत होते आणि मी आत भीतीने गार पडले होते. नळीला ओरडता येत नाही.

फेब्रुवारीत वस्तीने विहीर उपसली. लाल पाणी काढून टाकलं, गाळ काढला. झऱ्यातून नवं पाणी आलं ते नितळ. तळातला दगड दिसायला लागला. बघायला बोरीहून माणसं आली. कुणी सितारामला फेटा बांधला, कुणी त्याला शास्त्रज्ञ म्हणालं. कॉलेजात बाटल्या धुणाऱ्या माणसाला एवढा मान कोण देतो? चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहीर पिण्यासाठी खुली करायची असं ठरलं. पहिला पेला अर्थातच बायनाबाईचा.

मार्चमध्ये सितारामने त्या पाण्याची एक कळशी घरी आणली. सरजाबाईंनी त्यात तुरीची डाळ शिजत घातली. दोन तास झाले, तीन झाले. डाळ पाण्यात तशीच टणक, पोटात खडे घेऊन बसलेली. त्या सितारामला म्हणाल्या, की ह्या पाण्यात डाळ शिजत नाही. तो म्हणाला, मानवतच्या बाजारात जुनी डाळ गळ्यात मारली असेल. त्यांनी शेजारणीकडून नवी डाळ आणली. रात्रभर भिजवली. तीही शिजली नाही. साबणाला फेस येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा तो चिडला. घरात कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, की सगळा तालुका पाणी बघून जातोय आणि तू डाळीचं घेऊन बसलीस.  शितावरून भाताची परीक्षा होते हे सरजाबाईंना ठाऊक होतं, पण नवऱ्याच्या डोळ्यांत दहा वर्षांनी आलेला उजेड आपल्या हाताने विझवावा असं कुठल्या बायकोला वाटेल? कळशीतलं उरलेलं पाणी त्यांनी परसात ओतलं आणि पुन्हा मळ्याच्या वाटेला लागल्या. पण बायनाबाईला त्यातला थेंबही दिला नव्हता. तेवढं त्यांनी केलं.

जयंतीचा दिवस उजाडला. निळ्या पताका लागल्या, मांडव पडला, कर्णा वाजायला लागला. पाहुण्यांना दाखवायला म्हणून सितारामने पहाटे मला पाइपातून काढलं, पुसलं, झेंडूची माळ घातली आणि मांडवाच्या कडेला टेबलावर ठेवलं. माझ्याखाली एक कागद होता, वाऱ्याने उडू नये म्हणून माझं वजन त्यावर. पाणी शुद्ध झाल्याने आम्ही तक्रार मागे घेत आहोत, असं त्यावर लिहिलं होतं. माणिकरावांनीच तो लिहून आणला होता. कार्यक्रम झाला की सितारामने आणि वस्तीतल्या चौघांनी सही करायची, आणि समोर बसलेल्या सरकारी साहेबांनी तो घेऊन जायचा. तोपर्यंत मला वाटायचं, की मी रंग अडवते. त्या दिवशी कळलं, की मी तोंडही बंद करते.

ऊन चढत गेलं. टेबलाच्या त्या बाजूला मांडवाची सावली नव्हती. माझं अंग वाळायला लागलं आणि आतलं ओलं बाहेरच्या बाजूला ओढलं जायला लागलं. भाषणं चालली होती. मांडवामागे सरजाबाई आणि बाया स्वयंपाक करत होत्या. अभिमानाने त्याच विहिरीचं पाणी वापरायचं ठरलेलं, म्हणून दोन मोठ्या पातेल्यांत वरणाची डाळ पहाटेपासून रटरटत होती. बाराला भाषणं आवरत आली तरी डाळ जशीच्या तशी. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात लाइट गेली. कर्णा मधेच गप्प झाला. दोनशे माणसं बसलेली, पण क्षणभर सगळी चूप. आणि त्या शांततेत तो आवाज आला. लप, लप, लप.

शेडबाहेर तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मांडवाच्या कडेला उभा असलेला भुजंग पांढरा पडला. पण ह्या वेळी जनावर खरं होतं. कुणाचंसं वासरू दावं तोडून आलं होतं आणि टेबलाला पुढचे पाय टेकून मला चाटत होतं. झेंडूची फुलं बाजूला सारून, डोळे मिटून, अगदी तल्लीन होऊन चाटत होतं. मला ती जीभ ओळखीची वाटली. चार महिने ती आतून जे शोधत होती, ते आता बाहेर आलं होतं.

लोक हसले. सरजाबाई हसल्या नाहीत. त्या हातात पळी घेऊन, सितारामला काहीतरी विचारायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी वासराला बाजूला केलं आणि माझ्याकडे वाकून पाहिलं. माझ्या अंगभर पांढरी लव उगवली होती. कापसासारखी, बारीक, उन्हात चमकणारी. जिथून फक्त स्वच्छ पाणी बाहेर पडायचं, त्या बाजूला. जनावर अशी चाटाचाट कशासाठी करतं हे गोठा झाडलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. त्यांनी वासराने न चाटलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

इकडे मांडवात विहिरीचं पाणी भरलेला पितळी पेला बायनाबाईच्या हातात दिला गेला होता. सत्तरी ओलांडलेली ती बाई पांढरं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. तिने पेला दोन्ही हातांनी धरला आणि वर उचलला.

सरजाबाई धावल्या, पण सासूकडे नाही. त्या सितारामपुढे गेल्या, मला त्याच्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आवो, चाखून बघा. मग आत्याबाईला पिऊ द्या, मी अडवणार न्हाई."

त्याने चाखलं. त्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. खारट, आणि खारटामागे आणखी काहीतरी कडवट, धातूसारखं. तो प्राध्यापकांचं उरलेलं अर्धं वाक्य आठवत होता हे मला कळलं, कारण त्याचे ओठ हलले. मग तो वळला. बायनाबाईचा पेला ओठांना लागला होता. सितारामने पुढे होऊन तो तिच्या हातातून काढून घेतला.

 अठ्ठ्याहत्तर साली काय झालं ते मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायनाबाईचे हात पेला धरल्यासारखेच हवेत राहिले. ती रागावली नाही. तिने मुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "तवा ज्यानं काढून घेतलं, त्यानं कारण सांगितलं न्हवतं. तू सांग."

मित्रांनो, फेटा बांधलेल्या माणसाने दोनशे लोकांसमोर बोलायला ते वाक्य फार जड होतं. सिताराम म्हणाला, "माय, माहं चुकलं. रंग गेलाय, पण मीठ न्हाई गेलं. आन् मिठासंगं आणखी काय काय तसंच ऱ्हायलंय ते मला बी ठाऊक न्हाई. सरजानं महिन्याखाली सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई."

माणिकराव उठले. सणाच्या दिवशी अपशकुन कशाला, असं हसत हसत म्हणाले आणि साहेबांकडे वळून विचारलं, की पाणी काचेवाणी आहे की नाही, तुम्हीच सांगा. सितारामने पेला उन्हात धरला.

"काचेवाणी हाय, माणिकराव," तो म्हणाला. "पर काच कुणी पित न्हाई."

त्याने ते पाणी ओतून दिलं. टेबलावरचा कागद सहीवाचून तसाच पडला होता. माझ्या अंगावरचं पांढरं त्यावर सांडलं होतं. साहेबांनी तो उचलला, झटकला आणि थोडा विचार करून परत खाली ठेवला. त्या दिवशी वस्तीने कोरडी भाकरी आणि ठेचा खाल्ला. दोन पातेली डाळ ओढ्यापलीकडे खड्ड्यात पुरली, जनावरांनी तोंड लावू नये म्हणून.

तिथून माझे वाईट दिवस आले. तक्रार पुढे गेली, तपासण्या झाल्या आणि दीड वर्षाने कारखाना उठला. शेडचे पत्रे गेले, इंजिन गेलं. माझ्या बहिणींना कुणीतरी उकिरड्यावर फेकलं. कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येतेच म्हणतात, आम्ही तर त्याच्या लेकी. जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्यांखाली त्या एकेक करून फुटल्या. प्रत्येक नळी फुटताना आतून लाल निघाली. सितारामला माझं तोंड बघवत नव्हतं. सरजाबाईंनीच मला त्या ढिगातून उचललं, घरी आणलं आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. माझी जागा त्यांनी बरोबर ओळखली.

दर उन्हाळ्यात वस्ती विहीर उपसायची आणि दर उन्हाळ्यात नव्या पाण्यात सरजाबाई मूठभर डाळ शिजत घालायच्या. एकोणनव्वद, नव्वद, डाळ टणक. एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात बायनाबाईने अंथरूण धरलं. तिने त्याच विहिरीचं पाणी मागितलं. सितारामचा जीव कासावीस झाला, आता शेवटच्या घोटाने काय बिघडतं असं त्याला वाटलं. सरजाबाईंनी डाळ शिजवून वाटी सासूच्या हातात दिली. म्हातारीने एक दाणा चिमटीत धरून दाबला. दाणा दबला नाही. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि मळ्याचं पाणी प्यायली. दोन दिवसांनी ती गेली. तिची बाज दाराशी होती तिथेच राहिली. ती उचलायचं कुणाच्या मनात आलं नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत रात्रीपासून कुणी झोपलं नव्हतं, गल्लीत गुलाल आणि निळीचा खच पडला होता. सरजाबाईंनी त्या सकाळी कुणाला न सांगता विहिरीची घागर भरून आणली आणि डाळ चढवली. मी फळीवरून बघत होते. वाफ माझ्या अंगाला लागत होती. तासाभराने त्यांनी पळीने दाणा उचलला आणि बोटांनी दाबला. त्याचं पीठ झालं. त्यांनी दुसरा दाबला, तिसरा दाबला. मग त्या चुलीपुढे खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. सितारामने ह्या वेळी पाण्याची बाटली आधीच तपासायला पाठवली होती. त्याचाही कागद चांगला आला होता. पण तो कागद त्याने खिशातच ठेवला आणि डाळीचा दाणा मागून घेतला.

रीत मोडायची नव्हती. पितळी पेला काठोकाठ भरून सरजाबाईंनी बायनाबाईच्या रिकाम्या बाजेवर ठेवला आणि बाहेरच्या मिरवणुकीत गेल्या. घरात मी एकटीच होते. भर दुपारचे बारा. ढोल लांब गेले, गल्ली शांत झाली. आणि मित्रांनो, मी सहा वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज आला. पण जनावराचा नाही. माणूस फार तहानेनंतर सावकाश पाणी पितो, मधे थांबतो, श्वास घेतो, पुन्हा पितो, तसा. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

ते दोघं परत आले तेव्हा पेला चार बोटं रिकामा होता. सितारामने पेला उचलून बुडाशी बघितलं, बोट फिरवलं. गळत नव्हता. बाज कोरडी होती. तो काहीतरी समजावून सांगणार होता, पण सरजाबाईंकडे बघून थांबला. त्यांनी पेला त्याच्या हातून घेतला, उरलेल्यातलं अर्धं त्याला दिलं आणि अर्धं स्वतः प्यायल्या. मग शेजाऱ्यांना हाक मारली, की आता सगळ्यांनी प्या.

मी अजून त्याच फळीवर आहे. दर चैत्रात माझ्या अंगावर ती पांढरी लव उगवते. मी प्यायलेलं अजून संपलेलं नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या नळ्या पुढे पुष्कळ होतील, माझ्याहून हुशारही होतील. त्यांना नीट धुवा, जपा, पण त्यांनी काय अडवलं एवढंच विचारून थांबू नका, काय सोडलं तेही विचारा. पाणी नितळ दिसलं म्हणून भुलू नका. आणि चुलीपाशी बसलेलं कुणी म्हणालं, की ह्या पाण्यात डाळ शिजत नाही, तर त्याच दिवशी ऐका. महिनाभर थांबू नका.